आधी वारा, मंग चहा

गुरुलिंगआप्पा कुणाच्याही घरात शिरले की चपला काढायच्या आधी खिडकी उघडतात. घर कुणाचं आहे, खिडकीखाली कोण झोपलंय, तिथं टीव्ही ठेवलाय की देव मांडलेत, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. खिडकी उघडायची, वाकून बाहेरची हवा नाकानं तपासायची, पसंत पडल्यासारखी मान हलवायची, आणि मग खुर्चीत बसून म्हणायचं, "आधी वारा, मंग चहा." चहाचं अजून कुणी विचारलेलंही नसतं.

आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की लोक त्याला सांगून ठेवतात: नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, कचऱ्याची गाडी सकाळी येते, आणि आप्पा कधीही येतात.

ते एसटीत कंडक्टर होते. निलंगा, लातूर, नांदेड याच पट्ट्यात त्यांची सगळी नोकरी झाली. थंडीत प्रवासी गाडीच्या काचा लावून बसायचे आणि आप्पा तिकीट फाडता फाडता एकेक काच सरकवत जायचे. मागून शिव्या, पुढून शिव्या, मधे आप्पा. अडकलेली काच उघडायची त्यांची एक खास पद्धत होती. खांदा खाली लावायचा आणि तळहातानं वर एकच दणका. रिटायर झाल्यावर गाडी सुटली, दणका सुटला नाही. आजही कुणाच्या घरून निघताना ते दाराच्या चौकटीवर बोटानं दोनदा टकटक करतात. गाडी सोडल्यासारखं.

धूर म्हणजे त्यांचा जन्माचा वैरी. कपाळावर रोज विभूतीचे तीन पट्टे असतात, पण मंदिरात गेले की धुपाटणं उचलून बाहेर पारावर नेऊन ठेवतात. पुजारी ओरडला तर म्हणतात, "महादेवाला धूर लागत न्हाई, पानी लागतंय. तुला धूर पायजेल तर तू बाहेर बस."

माझ्या घराच्या वास्तुशांतीला मी त्यांना मानानं बोलावलं. होम पेटला होता. भटजींच्या डोळ्यांतून पाणी, माझ्या डोळ्यांतून पाणी, पाहुणे पदर आणि रुमाल तोंडाला लावून बसलेले. आम्ही सगळे तेच पुण्य समजत होतो. आप्पा आले आणि हॉलच्या चारही खिडक्या त्यांनी एका दमात उघडल्या. वारा आला, ज्वाळ उठली, ठिणगी उडाली आणि भटजींचं उपरणं पेटलं. भटजी मंत्र म्हणत म्हणतच मोरीत गेले.  आप्पा खुर्चीत बसून म्हणाले, "आता कसं मोकळं वाटायलंय."

त्यांचं नाक बरोबर असतं असंही नाही. एकदा गॅस गळतोय म्हणून त्यांनी अर्धी गल्ली रस्त्यावर आणून उभी केली. म्हाताऱ्या माणसांना खुर्च्या टाकून दिल्या. शेवटी कळलं, कोपऱ्यावरच्या घरात मुळ्याची भाजी शिजत होती. आप्पांनी चूक मानली नाही. "मुळाबी झाकून शिजवू न्हाई," म्हणाले.

मी या माणसाचा शेजारी. माझं नाव माणिकराव. लोह्याजवळच्या खेड्यातून लातुरात आलो तेव्हा माझ्याकडं भाड्याचा हातगाडा होता आणि त्यावर पाडलेल्या घरांच्या जुन्या चौकटी. आज दारं-खिडक्यांचं दुकान आहे. जुनं लाकूडही विकतो आणि नव्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्याही. भाव करण्यात मला अजून कुणी हरवलेलं नाही. आणि राग म्हणाल तर तो मला जरा लवकर येतो, हे मी नाकारत नाही. पण समोरचा माणूस आप्पा असेल तर तो कुणालाही येईल.

आता हेच बघा. निलंग्याचं एक गिऱ्हाईक पूर्ण बंगल्याच्या खिडक्या घ्यायला दुकानात आलं होतं. भाव ठरला होता, हात पुढं झाला होता. मी शेवटचं म्हणून सांगत होतो, "पाव्हणं, एकदा बंद केली की बाहेरची धूळ, आवाज, काही आत येणार नाही."

कोपऱ्यातल्या स्टुलावर आप्पा बसले होते. "आन् आतलं बाहेर कसं जातंय?" त्यांनी विचारलं.

गिऱ्हाईक विचार करायला लागलं. गिऱ्हाईक विचार करायला लागलं की सौदा संपला. तो माणूस "घरी विचारतो" म्हणून गेला आणि परत आला नाही.

पण हेही मी सोडून दिलं असतं. माझं खरं दुखणं वेगळं होतं.

आमच्या दोघांच्या घरांमधे एकच भिंत आहे. आप्पा माझ्या घरी दिवसातून दोनदा येतात, माझ्या खिडक्या उघडतात, माझा चहा पितात. पण त्यांनी मला त्यांच्या घरात कधी बोलावलं नाही. गेलो की ओट्यावरच चटई. दार मागं ओढलेलं. चहा कोपऱ्यावरच्या टपरीवरून यायचा. बायको वारली, घरात कुणी नाही, हे मला माहीत होतं. पण पाणीसुद्धा ते आत जाऊन, दार लावून, पुन्हा दार उघडून आणायचे. मी मनात ठेवून होतो. हे जुने लातूरकर, मी हातगाड्यावरून आलेला. आत घेण्याच्या लायकीचा नसेन.

आणि एक गंमत. जगाच्या खिडक्या उघडणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या खिडक्या कायम बंद. मी एकदा तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "गंजल्यात. उघडत न्हाईत."

मी म्हणालो, "मग मी कशाला आहे? उद्या माणूस पाठवतो, दुरुस्त करून देईल. मजुरीसुद्धा नको."

मी आयुष्यात फुकट असं फार कमी वेळा म्हटलं आहे. त्यावर आप्पा उठले, आत गेले आणि चार दिवस माझ्याकडं फिरकले नाहीत. फुकटाला नाही म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. ते खोकत असायचे, डोळे सदा तांबडे असायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "एसटीची धूळ हाय. जन्मभर खाल्ली, आता निघायलीय."

अशात माझी लेक शुभांगी बाळंतपणाला आली.

ती नांदेडला दिलेली. तिची सासू म्हणत होती, इथंच करू, इथं दवाखाने मोठे आहेत. मी फोनवर सांगितलं, पहिलं बाळंतपण माहेरीच होतं आणि माझ्या घरी काय कमी आहे. तासभर घासाघीस करून हा सौदा मी जिंकला. आता जिंकलेला माल नीट पोचवायची जबाबदारी जिंकणाऱ्याची असते. मी कुठं कसर ठेवली नाही. मागची खोली तिच्यासाठी गुलाबी ऑइलपेंटनं रंगवून घेतली. थंडीचे दिवस होते म्हणून माझ्या दुकानातली सगळ्यांत भारी सरकती खिडकी बसवली, दुहेरी रबराची. बाळ घरी आलं, मुलगी झाली होती, आणि बायकोनं खोलीचा ताबा घेतला. खाटेखाली कोळशाची शेगडी. सकाळ-संध्याकाळ ओवा, शेपा, लसणाची सालं आणि ऊद यांची धुरी. डास नकोत म्हणून कोपऱ्यात रात्रंदिवस कॉइल. दुपट्यांच्या घड्यांत डांबरगोळ्या. दाराखालच्या फटीत जुन्या लुगड्याची गुंडाळी. बाळंतिणीला वारा लागू नये. आमच्या आयांनी असंच केलं, त्यांच्या आयांनीही असंच केलं.

आप्पा बाळ बघायला आले. बायकोनं त्यांना खोलीच्या दारातच अडवलं. "आप्पा, बाळंतिणीची खोली हाय. बारशाला बघा."

आप्पा तिथंच उभे राहून हुंगत होते. "वहिनी, खिडकी?"

"वारा लागंल की तिला."

"चार बोटं. लई न्हाई. चारच बोटं उघडा."

मी हॉलमधून म्हणालो, "आप्पा, माझ्या लेकीला किती वारा द्यायचा ते मी बघतो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, चौकटीवर दोनदा टकटक केलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी घराच्या मागच्या बोळात गेलो. आप्पा माझ्या खिडकीच्या रबराला नाक लावून उभे होते. बाळंतिणीच्या खिडकीला. पिकल्या केसांचा माणूस. मी म्हणालो, "लाज वाटते का?"

ते शांतपणे म्हणाले, "मानिकराव, लई पक्का माल हाय तुमचा. वासबी बाहेर येऊन नाही राहिला."

मी त्यांना घरी यायला बंदी केली. गल्लीसमोर केली.

आठवडाही गेला नसेल. शुभांगीचं डोकं चढायला लागलं. मळमळायचं. तिचे डोळे मिरचीसारखे लाल. बाळाचे डोळे चिकटायला लागले, कापसानं पुसले की परत चिकटायचे. शिंका यायच्या. मग ते दूध ओढता ओढता सोडून द्यायला लागलं. छातीत मांजर बसल्यासारखी घरघर. बायको म्हणाली, "दृष्ट हाय. परवा येऊन गेलेल्या बायांनी किती वाखाणलं लेकराला, मला तवाच वाटलं व्हतं."

तिनं मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घेतल्या, बाळावरून उतरवल्या. एरवी हे अंगणात, चुलीवर व्हायचं. पण बाळाला थंडीत बाहेर कसं न्यायचं? म्हणून तिनं दार लावून घेतलं आणि मूठ खाटेखालच्या शेगडीतच टाकली.

आमच्याकडं मानतात की मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती. ठसका लागलाच नाही, तर दृष्ट कडक होती आणि आता उतरली. मी खोलीत होतो. माझ्या घशात कुणीतरी काटेरी फांदी ओढावी तसं झालं. डोळ्यांपुढं काही दिसेना. बायको खोकत होती, शुभांगी पदरात तोंड खुपसून खोकत होती. पण बायकोचं लक्ष फक्त बाळाकडं होतं. बाळ गप्प होतं. अजिबात खोकत नव्हतं.

बायकोचा चेहरा उजळला. वाहत्या डोळ्यांनी ती मोठ्यानं म्हणाली, "बघा, बघा. लेकराला ठसका लागला न्हाई. केवढी दृष्ट व्हती बाई. थांबा, अजून चार मिरच्या टाकते."

मीसुद्धा मान हलवली. बरं वाटलं मला.

हे शब्द भिंतीपलीकडं गेले असणार. कारण पुढच्या क्षणी खोलीचं दार उघडलं आणि आप्पा आत आले. चपलांसकट. बाळंतिणीच्या खोलीत. माझी बंदी असताना. मला बोलायला तोंड उघडता येईना. ते सरळ खिडकीशी गेले. नवी कडी घट्ट होती. त्यांनी खांदा खाली लावला, तळहातानं दणका दिला, पुन्हा दिला, आणि माझी सगळ्यांत भारी खिडकी रबरासकट पट्टीतून निघून मागच्या बोळात पडली. काच फुटल्याचा आवाज झाला. मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं शेगडी उचलली आणि बाहेर अंगणात नेऊन ठेवली. परत येऊन शुभांगीला म्हणाले, "ऊठ पोरी. लेकराला घे आन् खिडकीपाशी उभी ऱ्हा."

मी त्यांची कॉलर धरली. दुसरा हात उगारला होता.

आप्पा हललेसुद्धा नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "ठसका लागंना म्हनून खूश कामून होऊन राहिलात? खोकायला दम लागतोय, मानिकराव. तिच्यात दम राहिला न्हाई. कॉलर मागून धरा. आधी गाडी काढा."

मी खिडकीच्या उजेडात बाळाकडं पाहिलं. त्या खोलीत एवढे दिवस धुरात नीट दिसतच नव्हतं. तिचे ओठ जांभळे होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी बाळाला आत नेलं, नाकातोंडावर ऑक्सिजन लावला. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या आणि विचारलं, "घरात काय जळतं?"

मला राग आला. मी म्हणालो, "काही जळत नाही. घर पक्कं आहे. धुळीचा कण आत येत नाही."

बायकोनं मात्र एकेक सांगायला सुरुवात केली. शेगडी. धुरी. कॉइल. मिरच्या. बाईंनी विचारलं म्हणून रंगाचं सांगितलं, डांबरगोळ्यांचं सांगितलं. बाई ऐकता ऐकता भिंतीला टेकल्या. त्या ओरडल्या असत्या तर मी उलटून ओरडलो असतो. त्या हळू बोलल्या.

"काका, बाळाची श्वासनळी केवढी असते माहितेय? पेनातल्या रिफिलीपेक्षा जराशी मोठी. ती धुरानं आतून सुजली तर हवा जायला उरतं काय? डोळे दृष्टीनं चिकटले नाहीत, धुरानं चिकटले. रंगाचा वास, कॉइल, गोळ्या, सगळं त्याच बंद खोलीत फिरत होतं. आणि कोळशाच्या शेगडीतून निघणारा एक वायू असा असतो की तो दिसत नाही, त्याला वासही नाही. आईचं डोकं त्यानंच दुखत होतं. अजून एक रात्र खिडकी बंद राहिली असती तर दोघींपैकी कुणाचंच मी सांगू शकले नसते."

मी बाकावर बसलो.  त्या खोलीत मी जे जे चांगलं म्हणून दिलं होतं, रंग, रबर, कोळसा, सगळं उत्तम प्रतीचं, त्यातली एकेक वस्तू माझ्या नातीच्या नरड्यावर बसली होती. आणि नांदेडहून विहीणबाईंचा फोन वाजत होता, बाळ कसं आहे म्हणून. तो घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

बाळ दवाखान्यात असेपर्यंत आप्पा वरांड्यातल्या एका खिडकीखाली बसून होते. खिडकीचा अडसर तुटलेला, म्हणून ती हातानं धरून. नर्सनं दोनदा हटकलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही कोण लागता बाळाचे?" आप्पा म्हणाले, "मी खिडकीचा." नर्स हसली आणि तिनं नाद सोडला.

बाळ बरं झालं. घरी आलं. शेगडी गेली, कॉइल गेली, मच्छरदाणी आली, डांबरगोळ्या बायकोनं स्वतः नेऊन टाकल्या. आप्पांची बंदी मी उठवली. पण एक गोष्ट मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. माणसानं दार वाजवावं.

लांबलेल्या बारशाला सगळी गल्ली आली. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, पडदे फडफडत होते, उदबत्ती एक नव्हती. बायका म्हणाल्या, बारसं आहे की एसटी स्टँड. सगळं ज्यांच्यासाठी मांडलं होतं तो माणूस आलाच नाही. पाळणा झाला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, तरी आप्पांचा पत्ता नाही. माझं डोकं फिरलं. मी माझ्याकडून नमतं घेतलं, आणि हा माणूस अजून अकडून बसतो? मी घुगऱ्यांची वाटी घेतली आणि शेजारी गेलो. ओट्यावर कुणी नव्हतं. आतून खोकण्याचा आवाज आला. मी दार ढकललं आणि चपलांसकट आत गेलो.

आणि उभाच राहिलो.

आत अंधार होता. खिडक्या नुसत्या बंद नव्हत्या. झडपांच्या फटींवर खळीनं कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, थरावर थर, वर्षानुवर्षांचे. भिंतींना ओल आलेली. कोपऱ्यांत काळी बुरशी छतापर्यंत चढलेली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर काजळीचे ओघळ होते, त्यांना कुणी कधी हात लावला नव्हता. माझे डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला. आमच्या मागच्या खोलीत धरला होता, तसाच. आप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते. कट्ट्यावर चिनी मातीची एक बरणी होती, तोंड फडक्यानं बांधलेली.

"दार लावा," ते म्हणाले.

"आप्पा, हे काय?"

"आधी दार लावा. वास जातोय."

मी दार लावलं. तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं ते मला ओट्यावर का बसवत होते.

"हिच्या हातचा येसर हाय," आमटीच्या मसाल्याच्या त्या बरणीकडं बघत ते म्हणाले. "शेवटचा. लगीनसराईत अर्ध्या गल्लीचा येसर ही भाजून द्यायची. डाळी, गहू, मिरच्या, खोबरं. दिस-दिस चुलीपुढं. मी ड्युटीवरून यायचो आन् म्हनायचो, खिडकी लाव, शेजाऱ्यांना ठसका लागायलाय. ती लावायची. लई ऐकायची माझं."

ते खोकले. खोकून झाल्यावर म्हणाले, "डोळे गाळायची, खोकायची. मंग एक दिस खोकनं थांबलं. मला वाटलं, बरी झाली."

मी वाटी कट्ट्यावर ठेवली.  

"आता भिंतीत तेवढा वास राहिलाय," आप्पा म्हणाले. "एकदा खिडकी उघडली की गेला. येतो ना तुमाला?"

मी श्वास घेतला. ओल होती. बुरशी होती. जुनाट तेलाचा खवट वास होता. बाकी काही नव्हतं. कधीचंच नसणार. आप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि सगळ्या गल्लीचा वास काढणारं त्यांचं नाक माझ्या उत्तराची वाट बघत होतं.

मी आयुष्यात बऱ्याच लाकडांना सागवान म्हटलं आहे.

"येतो की," मी म्हणालो. "येसरच आहे."

त्यांनी समाधानानं मान हलवली.

पण त्यानंतर माझं धंद्यात लक्ष लागेना. भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा आणि मला डॉक्टरीण बाईंचा तो हळू आवाज आठवायचा. ती खिडकी उघडायलाच हवी होती. पण सौदा करायचा तर समोरच्याला काहीतरी हवं असावं लागतं. आप्पांना काहीच नको होतं. फुकटाचं तर त्यांनी कधीच नाकारलं होतं.

सव्वा महिना झाला. बाळंतीण घराबाहेर पडायचा दिवस. शुभांगी मंदिरात जायला निघाली, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं. मी तिला म्हणालो, "देवाला जाऊ. आधी इकडं चल." आणि तिला आप्पांच्या ओट्यावर नेऊन उभी केली.

मी दार वाजवलं. वाजवायचं असतं.

आप्पांनी दार अर्धं उघडलं आणि अंगानं फट अडवून उभे राहिले.

"आप्पा, दवाखाना सोडला तर लेकरू पहिल्यांदा घराबाहेर काढलंय," मी म्हणालो. "म्हटलं, पहिलं पाऊल तुमच्या घरात पडावं."

"इथंच बसा. चटई टाकतो."

"वारं बोचायलंय. पहिलं पाऊल ओट्यावर टाकत नसतात. आत घ्या."

आप्पांनी मागं अंधाराकडं पाहिलं, मग बाळाकडं. "आत नको. लेकराला आतली हवा चांगली न्हाई," ते म्हणाले. बोलून गेल्यावर तसेच तोंड उघडं ठेवून राहिले.

मी काही बोललो नाही. भाव सांगून झाला की गप्प बसायचं असतं. जो आधी तोंड उघडतो तो हरतो. शुभांगी काही म्हणणार होती, मी तिच्या दंडाला हात लावला. बाळानं दुपट्यातून एक मूठ बाहेर काढली आणि एक बारीक, कोरडा खोकला खोकलं. साधाच होता. दवाखान्यातून आल्यापासून आम्हाला तो गोड वाटायचा. आप्पांच्या तोंडाचा रंग उतरला.

त्यांनी दार लावून घेतलं.

शुभांगी म्हणाली, "बाबा, चिडले का ते? जाऊ या का?"

"थांब."

आतून आधी कागद फाटल्याचा आवाज आला. एक पट्टी, मग दुसरी, हळूहळू. मग बराच वेळ काहीच नाही. मग लोखंडी अडसर ओढल्याचा. मी खिडक्या विकतो, लाकूड फुगलेली झडप कशी कण्हते ते मला ठाऊक आहे. एक दणका बसला. नाही निघाली. मी जाऊन हात लावू शकलो असतो. लावला नाही. दुसरा दणका बसला, आणि बोळाच्या बाजूनं माती, पापुद्रे आणि जुन्या कागदांचे तुकडे भसकन बाहेर पडले.

  मग आत भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला आणि गॅस पेटल्याचा.

दार पूर्ण उघडलं. आप्पांचे डोळे वाहत होते. "धूळ लई व्हती," ते म्हणाले. मग बाजूला सरकले. "या. मांडलाय."

शुभांगीनं बाळाला घेऊन उंबरा ओलांडला. मी चपला काढल्या आणि तिच्या मागं गेलो. उघड्या झडपेतून उन्हाचा एक पट्टा थेट कट्ट्यावरच्या बरणीवर पडला होता. आप्पा खिडकीकडं पाठ करून उभे होते, नाक वर करून, डोळे मिटून. खोलीत चहाचा वास सुटला होता.

दुसरा कसला येतो का, ते त्यांनी मला विचारलं नाही.